भाकड दिवस

गेले दोन शनिवार-रविवार लिखाणाला दांडी झाली. कारण अर्थातच दिवाळी. लोक म्हणतात, "मज्जा आहे बुवा, आठवडाभर सुट्टी!" सुट्टी कसली? त्या आठ दिवसांत मी जेवढी कामं उरकली तेवढी ऑफिसात तीन स्प्रिंटमध्येही उरकत नाही. आकाशकंदील टांगला, माळ्यावरून पितळी डबे काढले, भाच्यांचा किल्ला बांधला, मेनरोडला चार फेऱ्या मारल्या, सात घरी फराळ केला आणि त्यातल्या सहा घरी "आता लग्नाचं काय?" या प्रश्नाला हसून उत्तर दिलं. सातव्या घरी तो प्रश्न कुणी विचारला नाही. ते सातवं घर आमचंच. पण ते पुढे येईलच.

तर सुरुवातीपासून सांगतो.

गुरुवारी, १६ ऑक्टोबरला, दुपारी चारला पुण्याहून निघालो. पुणे-नाशिक अंतर साधारण २१० किलोमीटर. नकाशावर बघितलं तर चार-साडेचार तास. पण दिवाळीच्या आधीचा गुरुवार, त्यात चाकण! चाकणला गाडी इतकी हळू सरकत होती की शेजारच्या गाडीतल्या आजोबांशी माझी चांगली ओळख झाली. संगमनेरला चहा घेतला तेव्हा दहा वाजून गेले होते. गंगापूर रोडवर आमच्या गल्लीत वळलो तेव्हा तारीख बदलली होती. आई जागी होती. "जेवलास का?" हा प्रश्न तिने दार उघडायच्या आधीच विचारला. ओट्यावर ताटलीखाली झाकलेलं पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. माझी दिवाळी दरवर्षी तिथेच सुरू होते. वसुबारस वगैरे नंतर.

आम्ही या भागात राहायला आलो तेव्हा मी तिसरीत होतो. गंगापूर रोडला तेव्हा घरं कमी आणि मळे जास्त. आता उलट आहे. जुन्या नाशकातले लोक आम्हाला तेव्हा "गावाबाहेरचे" म्हणायचे. आज इथल्या फ्लॅटचा भाव ऐकला की मीच गावाबाहेर जाऊन उभा राहतो. त्यात २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची जिकडेतिकडे खोदाखोद. ओळखीच्या रस्त्यावरही "इकडून जाता येईल का हो?" असं विचारत गाडी चालवायची.

असो. शुक्रवारी सकाळी चहा पिताना भिंतीवरच्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. आमच्या घरी कालनिर्णय हा धर्मग्रंथ नसून डेटाबेस आहे. गॅस कधी लावला, दूध किती घेतलं, इस्त्रीवाल्याचे किती कपडे, सगळं त्या चौकोनांत. बाबा होते तेव्हा त्यांच्या बारीक अक्षरात, आता आईच्या मोठ्या अक्षरात. ऑक्टोबरचं पान बघितलं. शुक्रवार १७, वसुबारस. शनिवार १८, धनत्रयोदशी. सोमवार २०, नरक चतुर्दशी. मंगळवार २१, लक्ष्मीपूजन. बुधवार २२, पाडवा. गुरुवार २३, भाऊबीज.

आणि रविवार १९? काही नाही. कोरा.

"आई, रविवारी काहीच कसं नाही?"

"भाकड दिवस आहे," आई म्हणाली आणि कढईत चिवड्याचे पोहे घातले.

भाकड म्हणजे दूध न देणारी गाय, एवढं मला माहीत होतं. वसुबारसेला वासरू असलेल्या दुभत्या गाईची पूजा आणि दोनच दिवसांनी भाकड दिवस, म्हणजे पंचांगकर्त्यांनाही विनोदबुद्धी आहे म्हणायची! पण इंजिनियरला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून बघितलं. गंमत अशी की दिवाळीचा प्रत्येक सण तिथीवर चालतो खरा, पण ती तिथी कुठल्या वेळेला हवी हे प्रत्येकाचं वेगळं. धनत्रयोदशीला त्रयोदशी संध्याकाळी हवी. नरक चतुर्दशीला चतुर्दशी पहाटे हवी, अभ्यंगस्नानाच्या वेळी. या वर्षी त्रयोदशी लागली शनिवारी दुपारी आणि संपली रविवारी दुपारी. म्हणजे त्रयोदशीची संध्याकाळ आली शनिवारी आणि चतुर्दशीची पहाट आली थेट सोमवारी. मधला रविवार दोघींच्याही कचाट्यातून सुटला. दोन जॉब वेगवेगळ्या वेळांना लावले की मध्ये मशीन रिकामं पडतं, तसंच हे. लक्ष्मीपूजनाचाही या वर्षी घोळ होता. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ते सोमवारीच झालं, आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांनी मंगळवार दिला. अमावास्या मंगळवारी ऐन सूर्यास्ताच्या सुमाराला संपत होती, मग वाद होणारच.

मला मात्र त्या कोऱ्या चौकोनाचा फार आनंद झाला. कारण...

कारण 'क्ष'.

खरं नाव इथे लिहिणार नाही, तिने स्पष्ट बजावलं आहे. शाळेत बीजगणितात न सापडलेल्या संख्येला आपण क्ष धरायचो. तिला तेच नाव देतो. इंग्रजीतलं अक्षर वापरलं असतं, पण त्याचा हल्ली भलताच अर्थ निघतो!

क्ष मला भेटली जुलैमध्ये, पुणे-नाशिक शेअर टॅक्सीत. धो धो पाऊस. संगमनेरच्या अलीकडे गाडी बंद पडली. ड्रायव्हर दुसरी गाडी येतेय, येतेय म्हणत राहिला आणि आम्ही चार प्रवासी एका टपरीच्या पत्र्याखाली पावणेदोन तास उभे. तिच्या पिशवीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि तो भिजू नये म्हणून ती स्वतः भिजत होती. मी माझी लॅपटॉपची बॅग रिकामी करून दिली. लॅपटॉप शर्टाखाली. (हे वाचून आमचे मॅनेजर काय म्हणतील?) ती केमिस्ट्री शिकवते. घर कुठे विचारलं तर म्हणाली, गंगापूर रोड. आमच्या घरापासून चालत बारा मिनिटं! माझं सगळं शाळा-कॉलेज इथे गेलं, तिचंही इथेच, आणि ओळख व्हायला संगमनेरला गाडी बंद पडावी लागली.

मी सदतीस वर्षांचा, ती पस्तिसची. तिचं एक लग्न होऊन मोडलं आहे, त्याला चार वर्षं झाली. हे तिने तिसऱ्याच भेटीत सांगितलं, चहात साखर किती विचारावं इतक्या सरळ. मी घरी फक्त ताईला सांगितलं होतं. आईला नाही. का नाही, याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. आई जुन्या वळणाची आहे असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला 'नाही' ऐकायची भीती होती, म्हणून मी प्रश्नच विचारत नव्हतो. कोड चालवलाच नाही की एरर येत नाही, तसं.

शुक्रवार-शनिवार कुठे गेले कळलं नाही. शनिवारी ताई, दाजी आणि दोन्ही भाचे ठाण्याहून आले आणि घराचा एकदम एसटी स्टँड झाला. भाचा नऊ वर्षांचा, भाची सहाची. दोघांना किल्ला हवा होता. मी म्हटलं, करू, सोपा काहीतरी करू. भाचा म्हणाला, "रामशेजच करायचा मामा!" शाळेत कुणीतरी सांगितलं होतं त्याला. नाशिकपासून जवळच, दिंडोरीकडे जाताना दिसतो तो रामशेज. औरंगजेबाच्या फौजेने १६८२ साली वेढा घातला आणि त्या एवढ्याशा किल्ल्याने ती फौज काही वर्षं झुलवत ठेवली. आम्ही गॅलरीत पोत्यावर माती थापून तो दोन तासांत उभा केला. भाचीने त्यावर मावळ्यांशेजारी एक प्लॅस्टिकचा डायनासोर ठेवला. भाच्याने हरकत घेतली. बराच वाद होऊन डायनासोर मोगलांकडे गेला.

संध्याकाळी आईला घेऊन मेनरोड. रविवार कारंजाच्या अलीकडेच गाडी कुठेतरी कोंबली आणि गर्दीत शिरलो. केरसुणी, लाह्या, बत्तासे, पणत्या, बोळकी, उटणं. आई प्रत्येक पणती बोटाने टिचकी मारून बघते. "आवाज नीट नसला तर तेल पिते," म्हणते. अठ्ठेचाळीस पणत्यांना अठ्ठेचाळीस टिचक्या. मी मागे पिशव्या धरून उभा. खिशात मोबाईल थरथरला. क्षचा मेसेज: "उद्या तुमच्याकडे काही आहे का?" मी तिथेच गर्दीत उत्तर दिलं: "उद्या भाकड दिवस आहे."

आणि असा तो रविवार.

सकाळ मित्रांची होती. शाळेतली आमची पाच जणांची टोळी, दिवाळीत एकदा भेटतेच. गंगापूर रोडने गावाबाहेर निघालं की मळ्यांमधून चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं लागतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, आणि हसून हसून ठसका. पण या वेळी आमचा बागाईतदार मित्र गप्प होता. त्याची दिंडोरीकडे द्राक्षाची बाग आहे. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यात जो सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत हटला नाही. वेलीत घडच कमी दिसतायत म्हणाला. छाटण्या लांबल्या. छाटणीपासून माल निघेपर्यंत चारेक महिने जातात, त्यामुळे पुढचं सगळंच लांबलं. "फराळाला येताय ना सगळे?" एवढं मात्र त्याने निघताना प्रत्येकाला विचारलं. आम्ही सगळे गेलोही. त्याच्या आईने केलेल्या करंज्या त्याने स्वतः वाढल्या.

दुपारी चारला क्षला भेटलो. सोमेश्वरला. नाशिककरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: गंगापूर रोडवरच गोदाकाठी सोमेश्वराचं देऊळ आहे आणि थोडं पुढे गेलं की नदी खडकांवरून खाली उडी घेते. तिकडे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इकडे धबधबा. एवढा पाऊस झालेला, त्यामुळे पाणी चांगलं होतं. आम्ही कणीस घेतलं आणि कठड्यापाशी बसलो. आजूबाजूला नवे कपडे घातलेली मुलं, सेल्फी, फुगेवाले. पाण्याच्या आवाजात बोलायला ओरडावं लागत होतं, त्यामुळे पहिला अर्धा तास रोमँटिक असं काहीच घडलं नाही.

मग बोलता बोलता मी माझी थिअरी मांडली. म्हटलं, दिवाळीत बघ, सगळ्यांना एकेक दिवस वाटून दिलाय. गाय-वासराला दिवस आहे, डॉक्टर-वैद्यांना आहे, व्यापाऱ्यांना आहे, नवरा-बायकोला पाडवा, बहीण-भावाला भाऊबीज. आपल्यासारख्यांना कुठलाच नाही. आपण अजून कुणाचेच कोणी नाही. म्हणून आपल्याला हा कोरा रविवार.

ती हसली. मग म्हणाली, "माझा दिवाळसणसुद्धा होऊन गेलाय. जावयाचं घड्याळ, चांदीचं ताट, सगळं." जरा वेळ पाण्याकडे बघत राहिली. "मला दिवाळी आवडते. पाडवा सोडून. पाडव्याला आमच्याकडे सगळ्या आत्या-काका जमतात. आई बाबांना ओवाळते, काकू काकांना. मग मी बाबांना ओवाळायला उभी राहिले की सगळे गप्प होतात. कोणी काही बोलत नाही रे, वाईट नाहीत ते. फक्त गप्प होतात. म्हणून मी बाबांना सकाळीच ओवाळून घेते आणि कॉलेजच्या लॅबचं काम आहे सांगून बाहेर पडते. पाडव्याला कुठलं कॉलेज उघडं असतं? पण कोणी विचारत नाही."

"आणि जातेस कुठे?"

"एकदा त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. एकदा पिक्चर. मागच्या वर्षी सीबीएसला बसून दोन कप चहा प्यायले, गाड्या बघितल्या, परत आले."

मला काही बोलणं सुचलं नाही. कणीस गार झालं होतं. आमच्या घरीही पाडव्याला असंच एक खोटं बोललं जातं, हे मला तेव्हा आठवलं, पण तिला सांगितलं नाही.

बाबा २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून पाडव्याच्या संध्याकाळी आईचं डोकं दुखतं. दिवाळीचे बाकी सगळे दिवस ती घरभर असते, पण पाडव्याला दिवे लावून झाले की "जरा पडते" म्हणून आत जाते. भाऊबीजेला मामा येतो, ती परत ठणठणीत. ताईला आणि मला हे माहीत आहे. आम्ही कधी बोलत नाही. बाम नेऊन देतो.

रविवारी रात्री सातला घरी आलो. आई अनारशांचं पीठ मळत होती. तीन दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून, गूळ घालून मुरवत ठेवलेलं ते पीठ म्हणजे तिचा दरवर्षीचा प्रकल्प. "कुठे होतास?" तिने सहज विचारलं. मी सोमेश्वर म्हणालो. "एकटाच?" आणि मग मी सांगून टाकलं. सगळं. टॅक्सी, केमिस्ट्री, बारा मिनिटं, मोडलेलं लग्न. ताई दारात उभी होती. आईने तिच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?" ताईने मान हलवली.

आई काहीच बोलली नाही. तुपात अनारसा सोडला. तो हसला. म्हणजे तुपात फुटून विरघळून गेला, त्याला हसणं म्हणतात. दुसराही हसला. तिसराही. आईने गॅस बंद केला, पिठावर झाकण ठेवलं आणि देवघराशी जाऊन वाती वळत बसली. तिला राग माझ्या बातमीचा आला की ताईला आधी सांगितल्याचा, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. बहुतेक दुसऱ्याचा जास्त.

सोमवारी पहाटे चारला तिने उठवलं. पाट, रांगोळी, उटणं, तेल, मोती साबण. सदतीस वर्षांच्या घोड्याच्या पाठीला तिने नेहमीसारखं उटणं लावलं, पण बोलली नाही. कारीट पायाने फोडलं. भाच्यांनी टिकल्या उडवल्या. फराळ झाला. बोलली नाही.

आणि मग दुपारी साडेबाराच्या सुमाराला माझा मोबाईल किंचाळला.

त्या दिवसाची बातमी तुम्हीही वाचली असेल. २० ऑक्टोबर २०२५. अमेरिकेतल्या एका बड्या क्लाउडचा एक विभाग आडवा झाला आणि जगभरातली कितीतरी ॲप्स नि साइट्स बंद पडली. मी नेमका ऑन-कॉल. (ड्यूटी लावून घेताना "दिवाळीत काय होणारे!" म्हणालो होतो.) नवा झब्बा घालून, कपाळाला कुंकू, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. तो मध्यरात्र उलटेपर्यंत तिथेच. आपल्या हातात काही नसतं अशा वेळी. पलीकडे दुरुस्ती चालू असते आणि आपण दर दहा मिनिटांनी क्लायंटला "आम्ही लक्ष ठेवून आहोत" असं कळवायचं. भाचा येऊन विचारून गेला, "मामा, तू इंटरनेट बंद पाडलंस का?"

आई दर तासाला काहीतरी आणून ठेवत होती. चहा, चकली, ताक, पुन्हा चहा. न बोलता.

रात्री एकच्या सुमाराला सगळे झोपल्यावर ती समोर खुर्ची ओढून बसली.

"झालं तरी काय एवढं?"

मी सोपं करून सांगितलं. "एका डेटाबेसचा पत्ता हरवला. मशीन जागच्या जागी होती, माहितीही होती. पण ती कुठे आहे हे सांगणारी जी वही असते ना, त्यातली नोंद कोरी झाली. त्यामुळे कुणाला तिथे पोचता येईना."

"सापडला का पत्ता?"

"दुपारीच सापडला. पण मधल्या वेळात जे अडकलं ते सुटायला वेळ लागतो."

ती थोडा वेळ टेबलावरचे चकलीचे तुकडे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "पाडव्याला तिच्याकडे कोण असतं?"

मला आधी समजलंच नाही कुणाबद्दल विचारतेय. मग सांगितलं. आत्या-काका, ते गप्प होणं, लॅबचं काम, सीबीएसवरचा चहा.

आई बराच वेळ काही बोलली नाही. फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"डोकं दुखतंय म्हणण्यापेक्षा लॅब बरी," ती म्हणाली. मग उठली. "तिला सांग, पाडव्याला आपल्याकडे ये म्हणावं. मी रिकामीच असते."

मंगळवारी लक्ष्मीपूजन झालं. केरसुणीला हळदकुंकू वाहिलं. लाह्या-बत्तासे. अठ्ठेचाळीस पणत्यांपैकी एकही तेल प्यायली नाही. रात्री झोपताना आईने एक नवीन बॉम्ब टाकला. "पहाटे पिंपळपारावर जायचंय. तिलाही सांग. साडेचारला तयार राहायचं."

जुन्या नाशकात नेहरू चौकात पिंपळाचा पार आहे. पाडव्याला पहाटे तिथे गाण्याची मैफल भरते, ही आमच्या गावाची वर्षानुवर्षांची रीत. आई-बाबा दरवर्षी स्कूटरवरून जायचे. बाबा गेल्यावर आई तिकडे फिरकली नव्हती. मी सुचवून बघितलं होतं एकदोनदा, "गर्दी असते रे" म्हणून तिने टाळलं होतं.

पहाटे पाच वाजता क्ष गल्लीच्या तोंडाशी उभी होती. थंडी फार नव्हती तरी शाल घट्ट गुंडाळलेली. हातात मिठाईचा बॉक्स नव्हता, दिवाळी अंक होता. "काकू, तुम्हाला वाचायला आवडतं असं कळलं." मासिक मनोरंजनने १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कुठल्या कुठल्या घरांत तो कशाकशासाठी उपयोगी पडला असेल! आईने अंक उलटसुलट बघितला. "हा मी वाचलेला नाही," म्हणाली. आमच्याकडे ही मोठी पावती आहे.

अशोकस्तंभावरून पुढे गेलो, गाडी लांब लावली आणि चालत पोचलो. पारावर दिवे, समोर सतरंज्या, लोक दाटीवाटीने बसलेले, कुणी झब्ब्यात, कुणी स्वेटरात. आम्ही एका कोपऱ्यात जागा पकडली. आई बरोबर आमच्या मधे बसली. हे मुद्दाम की सहज, विचारायची हिंमत झाली नाही. गाणं सुरू झालं. उजाडता उजाडता पिंपळाची पानं एकेक दिसायला लागली. मी आईकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि हाताने मांडीवर ताल चालू होता. पलीकडे क्ष ताठ बसली होती, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. कधीतरी आईने डोळे न उघडता शालीचं टोक तिच्या गुडघ्यावर टाकलं.

घरी येऊन फराळ. ताई, दाजी, भाचे, सगळे टेबलाभोवती. आईची सरबत्ती सुरू, पण अतिशय औपचारिक. "तुम्ही कितवीला शिकवता? तुमचे वडील कुठे होते?" सगळं 'तुम्ही'. माझ्या पोटात गोळा. मग भाचीने जाहीर केलं, "आज्जीचे अनारसे या वर्षी हसले!"

क्षने विचारलं, "गूळ जास्त झाला का काकू? गूळ जास्त असला की पीठ गरम तुपात पातळ होतं आणि सुटतं. थोडी तांदळाची पिठी मिसळून बघायची."

टेबलावर शांतता. ताईने माझ्या पायावर पाय दिला. आमच्या घरी आईला अनारशांबद्दल सल्ला आजवर कुणी दिलेला नाही.

"हे मला माहीत आहे," आई म्हणाली. "चाळीस वर्षं करतेय मी." मग जरा थांबून, "बरोबर सांगितलंस पण. चल, तू पिठी मिसळ, मी तूप तापवते."

'सांगितलंस'! मी ताईकडे बघितलं. ताई भाच्याला दूध पाजण्यात अचानक फार गुंतली होती.

अनारसे झाले. जाळीदार. मग दुपारी भाच्यांना रेड्यांची मिरवणूक बघायला नेलं. पाडव्याला आमच्याकडे गवळी लोक रेडे रंगवून, सजवून, घुंगरं-मोरपिसं बांधून वाजतगाजत काढतात. भाचीने प्रत्येक रेड्याला हात हलवून बाय केलं. संध्याकाळी ताईने दाजींना ओवाळलं, दाजींनी पाकीट दिलं, ताईने ते तिथेच उघडून मोजलं. क्ष तोपर्यंत तिच्या घरी गेली होती. जाताना म्हणाली, "आज बाबांना संध्याकाळीच ओवाळते. सगळ्यांसमोर. बघू काय होतं." रात्री मेसेज आला: "गप्प झाले. मग आत्याने विचारलं, लॅब आज लवकर सुटली का? आणि सगळे हसले. मीपण."

आईचं त्या संध्याकाळी डोकं दुखलं का? दुखलं. दिवे लावून झाल्यावर ती आत जाऊन पडली, नेहमीसारखी. पण या वेळी दिवाळी अंक घेऊन गेली आणि दिवा चालू ठेवला. मी बाम नेऊन ठेवला. तिने तो उघडला नाही.

भाऊबीज झाली, मामा आला, ताईने मला ओवाळून महागाचा ब्लूटूथ स्पीकर उकळला. शुक्रवारी पुण्याला निघालो. गाडीत सहा डबे. सातवा वेगळ्या पिशवीत. "हा तिच्या घरी दे जाताना. आणि हो," खिडकीशी वाकून आई म्हणाली, "२०२६ ला अधिक महिना आहे. अधिक ज्येष्ठ."

"मग?"

"मग काय? अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यावं लागतं. तिच्या आईला जमतात का, विचारून ठेव."

मी गाडी सुरू केली. चाकणला नेहमीप्रमाणे दीड तास अडकलो. डबा तिच्या घरी पोचता केला होता, प्रश्न मात्र अजून विचारलेला नाही. पण कालनिर्णयचं २०२६ चं पान मी बघून ठेवलंय.